फोनवर सगळे बढियाच असतात

गुटख्याच्या पुडीवर कवटी छापा, अशी मागणी करणारं पत्रक मी देवासच्या चौकात वाटत होते. एका बाईनं ते घेतलं, तिथंच उन्हात उभं राहून शेवटपर्यंत वाचलं आणि मला परत दिलं.

"अक्षर फार मोठं आहे," ती म्हणाली. "आणि ज्याला आधीच झालाय, त्याच्यासाठी ह्यात काय आहे?"

मी म्हटलं, "त्याच्यासाठी दवाखाने आहेत."

"मी दवाखान्यातलीच आहे. म्हणूनच विचारते."

ह्या नाडकर्णी मॅडम. माहेर देवासचं, काम इंदूरच्या एका इस्पितळात, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करण्याचं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. मला त्या शेवटपर्यंत 'पत्रकवाली' म्हणत राहिल्या. महिन्याभरात मी त्यांच्याकडे नोकरीला लागले. कारण विचारलं तर म्हणाल्या, "परक्याच्या घरात न बोलावता शिरायची सवय असलेली मुलगी हवी होती."

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त झालेली असतात. मी आत्ता कुठं तिशीला टेकले आहे, आणि ते काम सोडूनही फार दिवस झालेले नाहीत. शाळा हिंदी माध्यमाची, मराठी घरातली, आणि लिहायला शिकले ती पत्रकांवर. तेव्हा उद्गारचिन्हं जास्त झाली तर संपादकांनी खुशाल काढावीत.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण ते माझ्या घरीही अजून कुणाला कळलेलं नाही. आई पाहुण्यांना सांगायची, "ती कॅन्सरवाल्यांना फोन करते." तसं पाहिलं तर तेवढंच होतं.

तोंडातली गाठ कापून काढली, वर लाइट म्हणजे किरणोपचार दिले, तरी काहींना ती परत येते. त्याच जागी, शेजारी, नाहीतर मानेत. परत आलेल्यांतही फरक असतो. एकाला दुसऱ्यांदा कापलं की तो वर्षानुवर्षं हिंडतो-फिरतो. दुसऱ्याला टाके वाळायच्या आत तिसऱ्यांदा येते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या गाठी सारख्याच दिसतात. मग फरक कुठं? मॅडम आणि त्यांच्याबरोबरची मंडळी तो जीनमध्ये शोधत होती. जीन म्हणजे पेशीला दिलेल्या सूचना. शरीरातल्या बहुतेक पेशींत सूचना त्याच, पण प्रत्येक पेशी त्या सगळ्या वापरत नाही. काही चालू, काही बंद, काही मंद. गाठीत हा चालू-बंदचा कारभार बिघडलेला असतो, आणि प्रत्येक गाठीत तो आपापल्या तऱ्हेनं बिघडलेला असतो. म्हणून परत आलेल्या गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्यायचा, काढल्या काढल्या गोठवायचा (उशीर झाला की चालू-बंदच्या खुणा विरून जातात) आणि दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथं कुठल्या सूचना जोरात चालल्या होत्या ते काचेच्या पट्टीवर वाचतात.

ही झाली अर्धी गोष्ट. गाठ काय करत होती ते कळलं. पण त्या माणसाचं पुढं काय झालं, हे कळल्याशिवाय त्या वाचण्याला काही अर्थ नाही. हे दुसरं अर्धं माझ्याकडे होतं.

मॅडमच्या खोलीत भिंतीवर एक मोठा आलेख होता. डावीकडून उजवीकडे काळ जातो. सगळी माणसं जिवंत असतात तेव्हा रेघ वर असते. एक माणूस गेलं की रेघ एक पायरी खाली उतरते. जिन्यासारखी. असे दोन जिने काढायचे. एका तऱ्हेच्या गाठी असलेल्यांचा एक, दुसऱ्या तऱ्हेच्या गाठींचा दुसरा. एक जिना भराभर उतरला आणि दुसरा सावकाश, तर त्या जीनच्या वाचण्यात काही दम आहे. जिने एकमेकांना चिकटूनच उतरले, तर घरी जा.

पहिल्याच आठवड्यात मी भांडले. म्हटलं, कारखान्याच्या फाटकाबाहेर पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लटकल्यात, आणि तुम्ही काचेच्या पट्टीवर जीन वाचत बसता? कारण लखलखीत समोर आहे! मॅडम हात धूत होत्या. म्हणाल्या, "माळ तू तोड. मी आड येत नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला मी काय सांगू? पुढल्या पिढीत माळा नसतील, असं?"

मी फोन करायला बसले.

तेव्हा घरोघरी फोन कुठं होते? पेशंट देवास-धारकडच्या गावांतले. कार्डावर पीपी नंबर असायचा, म्हणजे शेजाऱ्याचा, नाहीतर किराणावाल्याचा. मी फोन करायची, कुणीतरी धावत जायचं, कुणीतरी धापा टाकत यायचं. मी विचारायची, "तब्येत कशी आहे?" पलीकडून उत्तर: "बढिया!" मी लिहायची, ठीक. पुढचा नंबर. "एकदम बढिया, बहनजी!" लिहा, ठीक. मला वाटायला लागलं, आपल्या माळव्याची हवाच औषधी आहे. मॅडमचे दोन्ही जिने सपाट रस्त्यासारखे दिसायला लागले.

मग एकदा दुसऱ्याच कामासाठी मी टोंकखुर्दला गेले होते. बसला वेळ होता. म्हटलं, इथले एक काकाजी आपल्या यादीत आहेत, महिन्यापूर्वीच त्यांच्या जावयानं फोनवर 'बढिया' सांगितलं होतं, भेटून येऊ. घर सापडलं. ओसरीवर पाऊल टाकलं आणि समोर भिंतीवर काकाजींचा फोटो. त्याला हार. हारही ताजा नव्हता, सुकून तांबूस झालेला.

त्यांची म्हातारी बाहेर आली. मला ओळखलं नाही, तरी पाट दिला, पाणी दिलं, आणि ताटलीत सौंफ-सुपारी ठेवली. मी विचारलं, काकाजी कधी गेले? होळीच्या आधी, म्हणाली. मग फोनवर तुमच्या जावयानं बढिया का सांगितलं?

म्हातारीला माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "फोन पे मरणे की वात कुण करे, बई?" ती म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच, "ने डागदरनी बई ने इत्ती मेनत करी. सुण के उनके बुरो नी लागतो?"

म्हणजे बघा, फोनवर मरणाची गोष्ट कुणी करत नाही. डॉक्टरीणबाईंनी एवढे कष्ट घेतले, माणूस गेला ऐकून त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून माणूस जिवंत ठेवला. ह्याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी फक्त विचारलं, दुखणं परत कधी आलं होतं? तिला महिना सांगता आला नाही. पण रोटी कधी सुटली ते तिला लख्ख आठवत होतं. संक्रांतीला तिळाचा लाडू चावला नाही, मग रोटी दुधात, मग नुसतं दूध.

इंदूरला परतून मी मॅडमना सांगितलं. त्या आलेखापाशी गेल्या. मी वाट बघत होते की ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "किती जण असतील गं, माझं मन राखायला जिवंत असलेले?"

मग आम्ही दोघींनी बसून पद्धत बदलली. फोनवर तब्येत विचारायचीच नाही. विचारायचं, आज काय जेवलात? पोळी चावून की कुस्करून? तिखट चालतं? आणि जिथं शंका येईल तिथं मी जायचं. मी उदयनगरच्या जंगलापर्यंत गेले. 'बढिया' लिहिलेली माणसं एकेक करून तपासली. कुणी खरंच बढिया होतं. शेतात निंदणी करत होतं आणि माझ्यावर हसलं. पण भिंतीवरच्या जिन्यांना पायऱ्या पडायला लागल्या. ज्या कामाला आपण विज्ञान म्हणतो त्याचा पाया किती सभ्य माणसांनी पोकळ केला होता, हे बघून मला राग यायचा, आणि राग कुणावर काढायचा ते कळायचं नाही. पत्रक सभ्यपणाविरुद्ध कसं काढणार?

असंच एक 'बढिया' मला पीथमपूरला घेऊन गेलं.

प्रकाश तायडे. मूळचे जळगावकडचे, पीथमपूरच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे भाग दाबून काढायच्या यंत्रांवर. पाळीत झोप येऊ नये म्हणून पुडी सुरू झाली होती. तिकडे बहुतेकांची तशीच होते. डाव्या गालाच्या आत गाठ झाली, मॅडमनी काढली, लाइट दिले, मग कंपनीनं हलकं काम म्हणून स्टोअरमध्ये बसवलं. फोन शेजाऱ्याचा. दर वेळी स्वतः यायचे आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "एकदम बढिया, ताई!" जेवणाचं विचारलं तर, "सगळं चालतं." मला ह्या 'सगळं'वर भरोसा वाटेना.

मी गेले तेव्हा दुपारची कंपनीची बस त्यांना नुकतीच घरी सोडून गेली होती. दोन खोल्यांचं घर, दहावीतली मुलगी पुस्तकं घेऊन दारात. त्यांची बायको मंदाताई. त्यांनी चहा आणला आणि वर सुपारीची ताटली. झालं, माझं डोकं फिरलं.

"ह्या घरात? अजून सुपारी?"

मंदाताई हलल्या नाहीत. "पाहुण्यांची आहे. पूजेलाही लागते. गणपतीला पण तुमची नोटीस आली आहे का?"

प्रकाशभाऊ हसले. हसताना डावा गाल हललाच नाही.

मी वळून मंदाताईंनाच विचारलं, "आज जेवायला काय केलं होतं?"

"आम्हाला भाजी-भाकरी. ह्यांना खिचडी."

"मला आवडते खिचडी," प्रकाशभाऊ घाईनं म्हणाले.

"आवडते!" मंदाताई एकदम उसळल्या. "कळण्याची भाकरी आणि ठेचा नसला तर ताट सरकवणारा माणूस! पोळ्याच्या सणापासून खिचडी चाललीय, तीही घोटून. मी म्हटलं फोनवर सांगा, तर म्हणतात, काय सांगायचं, त्यांनी एवढं चांगलं ऑपरेशन केलं."

मी म्हटलं, भाऊ, तुमची तीन बोटं उभी तोंडात घाला. धडधाकट माणसाची जातात. त्यांचं एक गेलं, दुसऱ्याला जागा नव्हती. लाइटमुळेही जबडा असा आवळतो, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, मुलीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना इंदूरला घेऊन गेले.

मॅडमनी तुकडा काढला. अर्धा नेहमीच्या तपासणीला, अर्धा त्यांच्या परवानगीनं गोठवून प्रयोगशाळेत. नेहमीच्या तपासणीनं आठवड्यात सांगितलं: परत आलाय. मॅडमनी समोर बसवून समजावलं. जबड्याची बाजू काढावी लागेल, गालाची कातडी काढावी लागेल, छातीवरचं मांस तिथं लावावं लागेल. बोलणं बदलेल. "पण आत्ता निघू शकतो. दिवाळी उलटली तर कदाचित मीच नाही म्हणेन."

प्रकाशभाऊंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दुसऱ्या तुकड्याचं काय निघालं?"

"तो अभ्यासासाठी आहे. त्याला वेळ लागतो."

"म्हणजे गाठीची पत्रिकाच ना ती? तीव्र आहे की सौम्य, जगू देणारी की नाही. ती येऊ दे. चांगली निघाली तर चिरा. वाईट निघाली तर एवढं तोंड फाडून घेऊन करायचं काय?" आणि उठले. "आमच्याकडे बोअर मारायचा तरी आधी नारळ फिरवून पाणी आहे का बघतात, मॅडम. हा तर जबडा आहे."

घरी जाऊन बसले. मी फोन केला की तोच प्रश्न, "पत्रिका आली?" कॉलनीत सगळ्यांना माहीत झालं होतं की तायड्यांच्या गाठीची पत्रिका करायला टाकलीय. कुणीतरी मंदाताईंना विचारलंही, वाईट निघाली तर कसली शांत करायची असते? मंदाताईंनी तो प्रश्न मला विचारला, आणि विचारताना त्या हसल्या नाहीत.

दसरा आला. मी मॅडमकडे गेले आणि दार आपटून आत शिरले. हे मला जमतं.

"तुम्ही लोकांच्या तोंडातून तुकडे घेता आणि त्यांना काही सांगत नाही. माणूस निकालासाठी अडून बसलाय!"

"निकाल आलेला नाही."

"मग सांगा, आला. चांगला आला."

मॅडमनी चष्मा काढला. "टोंकखुर्दच्या म्हातारीनं माझं मन राखायला मेलेला माणूस जिवंत सांगितला. आता मी तुझ्या प्रकाशभाऊंचं मन राखायला बोलू? मग तुला मी कशाला ठेवलंय, पत्रकवाली?"

"तो मरेल!"

"हो. मरेल." त्यांनी चष्मा परत लावला. "रविवारी त्यांच्याकडे जाऊ. तू बोलायचं नाहीस."

रविवारी आम्ही गेलो. मॅडम खाटेवर बसल्या, प्रकाशभाऊ खुर्चीत, मंदाताई दारात. सुपारीची ताटली आली नाही. मंदाताईंनी माझ्याकडे एकदा बघून ती आतच ठेवली.

"तुमच्या तुकड्याचं वाचन अजून यायचंय," मॅडम म्हणाल्या. "पण उद्या आलं, तरी त्याचा अर्थ मला माहीत नाही."

प्रकाशभाऊ बघतच राहिले. "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"एवढ्या मोठ्या डॉक्टर, आणि..."

"ऐका. कुठल्या तऱ्हेची गाठ किती वाईट, हे ठरतं आधीच्या पेशंटांचं काय झालं त्यावरून. आणि आधीच्या पेशंटांनी मला काय सांगितलं? बढिया. मेलेल्यांच्या घरूनसुद्धा बढिया. तुम्ही स्वतः पोळ्यापासून खिचडी खात होतात, माझ्याकडे तुमचं काय लिहिलं होतं? ठीक. त्यावर मी पत्रिका मांडू?"

मग प्रकाशभाऊ खालमानेनं म्हणाले, "गेज न लावता ओके."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. प्रेसवर भाग निघतो तेव्हा ठरावीक वेळानं एक उचलून त्याला गेज लावायचा, म्हणजे मापात आहे का ते बघायचं, आणि मग कार्डावर ओके मारायचं. पाळी संपत आली, बस उभी असली, की गेज कोण लावतो? ओके, ओके, ओके. "आणि मग महिन्यानं गाडीवाल्यांकडून सगळा माल परत येतो. आम्ही म्हणतो, अरे, कार्डावर तर सगळं ओके होतं, भिया!" ते हसले, अर्ध्या तोंडानं. "म्हणजे मीच तुमच्या कार्डावर ओके मारत होतो."

"माझ्यासाठीच मारत होतात," मॅडम म्हणाल्या. "मला माहीत आहे."

"बरं, ते जाऊ द्या. तुमचा सख्खा भाऊ असता तर?"

"चिरला असता." आणि थोड्या वेळानं, "भीत भीत चिरला असता."

मला अजून वाटतं, त्या दुसऱ्या वाक्यानं काम केलं. मी असते तर पहिल्यावरच थांबले असते, वर दोन उद्गारचिन्हं दिली असती.

प्रकाशभाऊंनी मंदाताईंकडे बघितलं. मंदाताई म्हणाल्या, "मला काय विचारता? मी खिचडी घोटून दमले." त्या आत गेल्या, आणि भांडी उगाच जोरात वाजली.

"दिवाळीआधी करा," प्रकाशभाऊ म्हणाले. "पण एक आहे. आता माझ्या कार्डावर गेज लावूनच लिहायचं. भिंतीवरच्या त्या जिन्यात माझी पायरी पडायची तर बरोबर जागी पडली पाहिजे. मागून येणाऱ्याची पत्रिका तरी खरी निघेल." आलेखाची गोष्ट त्यांना मीच फोनवर सांगितली होती, त्यांना गप्पांत गुंतवायला.

शस्त्रक्रिया लांबत लांबत दिवसभर चालली. नंतरचं मी सुंदर करून सांगणार नाही. चेहरा एका बाजूनं बसला. छातीवरच्या कातडीचे केस गालाच्या आत आले, हे ते स्वतः सांगायचे आणि वर म्हणायचे, "तोंडात दाढी असलेला मी पीथमपुरातला एकटाच." बोलणं असं झालं होतं की अर्धं मंदाताई समजावून सांगायच्या. पण फोनवर यायचे. पलीकडून आधी हवेचा आवाज, मग एकेक शब्द: वरण. भात. कुस्करलेला. आज पोळी. चार घास. मग सोडली. त्या वर्षात त्यांच्याइतकी खरी माहिती मला कुणीही दिली नाही. डॉक्टरांच्या खोलीत लोक तक्रार सांगतात, फोनवर सौजन्य. हा माणूस मापं सांगायचा.

सहा-आठ महिन्यांनी प्रयोगशाळेतून वाचनं आली. मॅडमनी रुग्णांना क्रमांक दिले होते, नावं नव्हती, पण कुठला क्रमांक कुणाचा ते मला पाठ होतं. प्रकाशभाऊंची गाठ भराभर उतरणाऱ्या जिन्यातली निघाली. मी मॅडमना विचारलं, आता अर्थ आहे का ह्याला? त्या म्हणाल्या, "शंभर जणांना असेल. एकाला नाही. तुझ्या शंभर पत्रकांतून दहा जण पुडी सोडतात, म्हणून चौकातल्या एकाकडे बोट दाखवून सांगू शकतेस का, हा सोडणार?"

त्यानंतर पीथमपूरला गेले तेव्हा माझा चेहरा बहुधा पाटीसारखा वाचता येत होता. प्रकाशभाऊंनी विचारलं, "आलं?"

"आलं."

त्यांनी हात वर केला आणि काहीतरी बोलले. मंदाताईंनी ऐकलं, तोंडाला पदर लावला, आणि मला सांगितलं: "म्हणतात, सांगू नका. लग्न होऊन गेल्यावर पत्रिका कोण जुळवतं?"

मी सांगितलं नाही. गप्प बसण्याचं काम मी आयुष्यात फार थोड्या वेळा नीट केलंय, त्यातलं ते एक.

पुढं काय झालं त्याचंही खरं सांगते. दोन्ही जिने वेगळे उतरले, पण आम्हाला वाटलं होतं तेवढं अंतर त्यांच्यात पडलं नाही. मॅडमनी तसंच लिहिलं, फुगवून लिहिलं नाही. म्हणाल्या, ह्यापेक्षा पुष्कळ जास्त माणसं हवीत, पुष्कळ जास्त वर्षं. आजही बाकावर बसलेल्या माणसासाठी तशी तपासणी त्या इस्पितळात होत नाही. फाटकाबाहेरच्या माळाही आहेत तशाच आहेत, फक्त पुड्या जास्त चमकदार झाल्या. माझ्यासारखीला ह्याचा संताप येतो, तो यायलाच हवा. पण आता माझ्या पत्रकात खाली लहान अक्षरात एक ओळ असते: ज्यांना होऊन गेलाय त्यांनी महिन्यातून एकदा आरशात बघा, तीन बोटं घाला, आणि विचारणाऱ्याला खरं सांगा; डॉक्टरला वाईट वाटेल म्हणून थांबू नका, त्यांना त्याची सवय असते. मोठ्या अक्षरांपेक्षा ती ओळ लोक जास्त वाचतात, असं मला दिसलंय.

मॅडमनी भिंतीवरचा आलेख काढला नाही. काम छापून झालं तरी माणसं होती, म्हणून फोन चालू होते. प्रकाशभाऊंची मुलगी दहावी झाली, बारावी झाली, कॉलेजात गेली. त्यांच्या जिन्यातल्या एकेका क्रमांकाची पायरी पडत गेली, आणि त्यांच्या क्रमांकापुढं मी लिहीत राहिले: वरण-भात. शिरा. एकदा, दिवाळीत, चकली. चहात बुडवून.

मग मोबाइल आले. एका सकाळी मला फोन आला. तोवर नेहमी मीच करत आले होते.

"ताई, मंदा बोलतेय. जेवलात का?"

हा माझा प्रश्न होता. मी म्हटलं, "आत्ता नाश्ता केला. तुम्ही?"

"मी वरणभात खाल्ला थोडा. माझ्यापुरताच केला." त्या थांबल्या. मी कागद ओढून घेतला. "सोमवारी गेले, ताई. सकाळी सकाळी. तोंडात नव्हतं काही. तोंड शेवटपर्यंत स्वच्छ होतं, मॅडमना मुद्दाम सांगा. फुप्फुसात उतरलं होतं. धाप लागायला लागली ती रंगपंचमीपासून. तेव्हापासून पातळच घेत होते. कागद आहे ना हातात? लिहिताय ना?"

"लिहितेय."

"घरातले म्हणाले, सुतकात असलं फोनवर बोलत नाहीत. मी म्हटलं, हे बजावून गेलेत. ताईला बढिया सांगशील तर याद राख, म्हणाले."

त्यांना एवढ्यावर फोन ठेवता आला असता, पण ठेवला नाही. मी सगळं पुन्हा वाचून दाखवावं म्हणाल्या. मी वाचलं. "सोमवार," त्या म्हणाल्या. "बरोबर."

दुपारी मॅडम शस्त्रक्रियेतून बाहेर आल्या. मी सांगितल्यावर त्यांनी स्वतः पेन घेतलं आणि खुर्ची सरकवून भिंतीपाशी उभ्या राहिल्या. भराभर उतरणारा तो जिना डावीकडेच जवळजवळ तळाला पोचलेला होता, सगळ्या पायऱ्या एकमेकींना खेटून. तिथून एक रेघ मात्र सरळ निघाली होती. मॅडमनी ती पेनानं ओढत ओढत पुढं नेली, उजवीकडे, आणखी उजवीकडे, आणि जिथं कागद जवळजवळ संपतो तिथं प्रकाशभाऊंची पायरी टाकली.